गेटवर बसून मिळालेली नोकरी

आमच्या गव्हाण गावात लग्नाच्या हळदीच्या मांडवात माणसाला आधी पगार विचारतात, मग पाणी. मी कॉम्प्युटर इंजिनीअर झाले तेव्हापासून एकाही हळदीला सुखाने जेवलेली नाही. कुणीतरी बाई बाजूला येऊन बसते, माझ्या ड्रेसचं कापड दोन बोटांत धरून बघते आणि विचारते, "पोरी, किती पडतात हातात?" बावीस हजार, असं मी सांगते. मग तिच्या तोंडावर असं काही समाधान पसरतं की मला ताटासकट उठावंसं वाटतं. कारण तिचा मुलगा बारावीत दोनदा बसून शेवटी जेसीबी चालवायला लागलेला असतो आणि माझ्या दुप्पट कमावत असतो.

माझे बाबा, अनंता घरत, हे सगळं चार माणसं सोडून पलीकडे बसून ऐकत असतात. सरकारने जमिनी घेतल्या त्याबदल्यात मिळालेला साडेबारा टक्क्यांतला भूखंड विकून आलेल्या पैशांतून त्यांनी दोन डंपर घेतले आणि मला इंजिनीअर केलं. डंपरांनी भरावाच्या कामात पैसे फेडले. मी नाही फेडले, असं त्यांचं म्हणणं. ते तसं तोंडाने बोलत नाहीत. हळदीहून परतताना गाडी चालवता चालवता नुसतं म्हणतात, "दीपेशनं तिसरा डंपर घेतला." दीपेश माझा चुलतभाऊ. त्याला ईमेल पाठवायचा असला तरी माझ्याकडे येतो.

माझं कॉलेज खारघरच्या बाजूचं. त्याच्या जाहिरातीत टाय लावलेल्या एका मुलाचा फोटो होता आणि खाली चाळीस लाखांचं पॅकेज. हा मुलगा चार वर्षांत आम्हाला कुणाला दिसला नाही. आम्हाला दिसली ती महापेतली एक कंपनी. तिने आमच्या वर्गातली अर्धी मुलं एका सकाळी उचलली आणि दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्राम तपासायला बसवली. बटण दाबायचं, चालतंय का बघायचं, नाही चाललं तर लिहायचं. त्याचे बावीस हजार. मी दोन वर्षं ते काम केलं आणि घरी येऊन नेटवर्किंगचा अभ्यास केला. एकामागून एक परीक्षा दिल्या, स्वतःच्या पगारातून फी भरून. बाबांना वाटायचं मी मोबाईल बघत बसते.

मला जी नोकरी हवी होती ती आमच्या घरापासून स्कूटरवर दहा मिनिटांवर होती. गावातून उरण रोडला लागलं की डाव्या हाताला बिनखिडक्यांची एक भली मोठी पांढरी इमारत उभी राहिली आहे. गावात तिला नुसतंच 'कंपनी' म्हणतात. एवढी मोठी कंपनी म्हणजे हजारभर माणसं लागणार, असा सगळ्यांचा हिशोब. प्रत्यक्षात आत रांगेने कॉम्प्युटर उभे आहेत, त्यांना गार ठेवणारी यंत्रं आहेत, आणि माणसं चाळीस. त्या चाळिसांत नेटवर्क इंजिनीअरची एक जागा निघाली. मी अर्ज केला. माझ्या मुलाखतीच्या तीन फेऱ्या झाल्या. शेवटच्या फेरीत पुण्याहून बोलणाऱ्या साहेबांनी मला एक बिघाड सांगितला आणि तो कसा शोधशील असं विचारलं. मी शोधला. ते हसले आणि म्हणाले, "कुठे होतीस इतके दिवस?" दोन वर्षांत माझ्याशी कुणी इतकं चांगलं बोललं नव्हतं. अकरा लाख वर्षाला, सोमवारी ऑफर लेटर येईल, असं एचआरच्या माधुरी मॅडमनी शुक्रवारी सांगितलं.

मी हे फक्त आईला सांगितलं आणि बजावलं, "आये, कागद हातात पडंपर्यंत कोनाला बोलू नको." तिने माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. रविवारी सकाळी मासळी साफ करता करता तिच्याच्याने राहवलं नाही आणि तिने बाबांना सांगितलं. मी तिला दोष देत नाही. मुलीचं चांगलं झालेलं नवऱ्याला सांगायचं नाही तर कुणाला सांगायचं?

आता बाबांच्या डोक्यात काय आलं ते सांगायला हवं, कारण गव्हाणाबाहेरच्या माणसाला ते पटणार नाही. आमच्या गावात आजवर एकही नोकरी अर्ज करून लागलेली नाही. जमिनी घेताना सगळ्यांनी शब्द दिले. नोकरी देऊ, काम देऊ, पुढच्या आठवड्यात या. पुढचा आठवडा कधी आला नाही. मग गाव गेटवर जाऊन बसलं, गाड्या अडवल्या, आणि तेव्हा कुणाला शिपाई म्हणून घेतलं, कुणाला पाण्याच्या टँकरचं काम दिलं. बाबांना भरावाचं पहिलं काम असंच मिळालं. त्यामुळे तीन फेऱ्या झाल्या, सोमवारी पत्र येईल असं म्हणतात, पण हातात काहीच नाही, हे ऐकल्यावर त्यांना एकच गोष्ट दिसली. साहेब लोक पोरीला टोलवतायत.

ते उठले आणि थेट बुधाजी म्हात्रेंच्या घरी गेले. बुधाजीकाका संघर्ष समितीचे अध्यक्ष. गेटवर कधी बसायचं, कधी उठायचं आणि उठताना काय पदरात पाडून घ्यायचं, हे ते ठरवतात. टँकरच्या कामावरून समितीचं कंपनीशी आधीच घोडं अडलेलं होतं. त्यात आयती शिकलेली मुलगी मिळाली.

सोमवारी दुपारी मी महापेला माझ्या जागेवर बसून बटणं दाबत होते. माधुरी मॅडमचा फोन आला. मला वाटलं, पत्र. त्या म्हणाल्या, "प्रांजल, अनंता घरत तुमचे वडील का?"

मी पोहोचले तेव्हा कंपनीच्या गेटसमोर ताडपत्री टाकून पन्नासेक माणसं बसली होती. दोन डंपर आडवे लावलेले. दोन्ही आमचे. गेटच्या जाळीवर फ्लेक्स बांधला होता आणि त्यावर माझा फोटो होता, कॉलेजच्या ओळखपत्रावरचा, तेलकट वेणी घातलेला. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'भूमिपुत्री कु. प्रांजल अनंता घरत, इंजिनीअर, हिला न्याय मिळालाच पाहिजे!' माझ्या फोटोपेक्षा मोठा बुधाजीकाकांचा होता. बाबा पांढरा शर्ट घालून पुढच्या रांगेत बसले होते. मला बघून त्यांनी हात वर केला, पोरीच्या बक्षीस समारंभाला आल्यासारखा. त्या क्षणी मला त्यांचा भयंकर संताप आला.

"उठा," मी म्हटलं. "बाबा, आत्ताच्या आत्ता उठा. माजी नोकरी झालेली. आज पत्र येनार होता."

"आलं का?" त्यांनी विचारलं.

"आलं असतं!"

"येतंच. आता येतंच," ते म्हणाले आणि बाजूच्या माणसाकडे बघून हसले. "हिला नाय समजत. पुस्तकातली हाय."

गेटच्या आत छोटं ऑफिस आहे, त्याला खिडकी आहे. माधुरी मॅडमनी मला तिथे बसवलं. खिडकीतून फ्लेक्सची मागची बाजू दिसत होती. त्या वाईट बाई नव्हत्या, पण माझ्याकडे बघायचं टाळत होत्या.

"ऑफर थांबवावी लागतेय," त्या म्हणाल्या. "सर्व्हर हॉलमध्ये जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी होते. ज्यांच्या घरच्यांचं साइटशी भांडण चालू आहे त्यांना हॉलमध्ये शिरायचं कार्ड देता येत नाही. आमचे ग्राहक मान्यच करणार नाहीत."

"भांडण माझं नाहीये, मॅडम. मला विचारलंसुद्धा नाही कुणी."

"फोटो तुमचा आहे."

"मी लिहून देते. वडिलांशी संबंध नाही म्हणून लिहून देते."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "असं लिहून देऊ नका," त्या म्हणाल्या. "आणि दिलंत तरी उपयोग नाही. पुण्याच्या साहेबांनी तुमच्यासाठी दोनदा फोन केला. वरून नाही म्हणाले."

मी रडले नाही. स्कूटर गावाकडे न वळवता कर्नाळ्याच्या दिशेने हायवेला घातली, पेट्रोल संपत आलं तशी परत वळवली. घरी येऊन बाबांशी बोलणं बंद केलं. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. जिंकायला निघालेला माणूस घरातल्या अबोल्याकडे बघत नाही.

आठवडाभर गेट बंद राहिलं. मग एका संध्याकाळी बाबा पेढे घेऊन घरी आले. त्यांनी एक पेढा देवापुढे ठेवला, एक आईच्या तोंडात घातला आणि तिसरा माझ्यासमोर धरला.

"घे. झाली तुजी नोकरी. अकरा नाय, चौदा लाख."

मी पेढा घेतला नाही. "कसली नोकरी?"

"साहेबाची. बुधाजीनं बोलनी केली. स्थानिक संपर्क अधिकारी. एसी केबिन, गाडी."

"आणि काम काय?"

"गावचे लोक आले, काय मागनी असली, तर त्यांच्याशी बोलायचा. वरच्यांना सांगायचा. बसून काम हाय."

मला समजायला वेळ लागला नाही. कंपनीला गाव गप्प करायला गावातलाच माणूस हवा होता. शिकलेला असला तर बरं, कारण मग वर्तमानपत्रात फोटो छापता येतो. नेटवर्कशी, सर्व्हरशी, मी दोन वर्षं जागून शिकले त्यातल्या एकाही गोष्टीशी त्या खुर्चीचा संबंध नव्हता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी इंजिनीअर हाय, बाबा. मी गावाला चाय पाजायला बसनार नाय."

"इंजिनीअर!" बाबा आता ओरडले. इतके दिवस गाडीत गिळलेलं सगळं बाहेर आलं. "तुज्या डिगरीला लोकांनी किती दिलं? बावीस हजार! चार वर्सं शिकलीस, दोन वर्सं बटनं दाबलीस, बावीस हजार! आन मी आठ दिवस गेटवर उन्हात बसलो, त्याचं चौदा लाख. कोनाची किंमत जास्त झाली, सांग."

"तुमची," मी म्हटलं. "म्हनूनच ती नोकरी तुमीच करा."

आई मध्ये पडली. "एवढा पैसा कोन लाथाडतंय का, पोरी? पुढल्या हळदीला सगळ्यांची तोंडं बंद होतील." ते ऐकून मला तिचाही राग आला. खोटं कशाला बोलू, एक क्षण मोहही झाला. त्या बायांच्या तोंडावर चौदा लाख मारावेत, असं कुणाला वाटणार नाही? मग मला ती केबिन दिसली. समोर बुधाजीकाका, त्यांचे भाचे, पुतणे, आणि मी त्यांना पुढच्या आठवड्यात या असं सांगतेय.

बुधवारी कंपनीने समितीला आणि मला बोलावलं. माझी खरी जागा सगळ्यांसमोर मागावी म्हणून मीही गेले. लांब टेबल, चहा, बिस्किटं. एका बाजूला माधुरी मॅडम आणि मुंबईहून आलेले दोन साहेब. दुसऱ्या बाजूला बुधाजीकाका, बाबा आणि समितीची माणसं. माझी खुर्ची दोन्ही बाजूंच्या मध्ये, टेबलाच्या टोकाला. टँकरचं काम समितीला मिळालं होतं. माझं पत्र फाइलीत तयार होतं. फोटोग्राफरही आणला होता.

साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "आम्हाला अभिमान आहे की एक स्थानिक इंजिनीअर मुलगी..."

"सर," मी म्हटलं, "ज्या जागेसाठी मी तीन फेऱ्या दिल्या ती देणार आहात का?"

ते माधुरी मॅडमकडे बघायला लागले. मॅडमनी नकारार्थी मान हलवली.

"त्या जागेवर मुलगा घेतलाय," साहेब म्हणाले. "इंदूरचा. पण ही पोस्ट तुमच्यासाठी खूपच..."

"मग नको."

बाबांनी माझा दंड धरला आणि दातांत बोलले, "गप बस. सही कर." मी दंड सोडवून घेतला आणि खुर्ची मागे सरकवली. साहेबांची अडचण झाली. त्यांना आजच्या आज फोटो हवा होता.

बुधाजीकाका खाकरले. त्यांनी बाबांकडे अजिबात बघितलं नाही.

"साहेब, पोस्ट फुकट कशाला घालवायची," ते म्हणाले. "माजा भाचा हाय, जगन. गावात उठबस हाय त्याची. पोरं ऐकतात त्याचं."

"त्यांचं शिक्षण?" माधुरी मॅडमनी विचारलं.

"बारावीला बसलेला."

दोन्ही साहेब एकमेकांच्या कानाला लागले. मग मोठे साहेब म्हणाले, चालेल, या कामाला अनुभव महत्त्वाचा. मॅडमनी माझं पत्र फाइलीतून काढलं, उलटं करून बाजूला ठेवलं आणि लॅपटॉपवर नाव बदलायला घेतलं. पगार तोच राहिला. माझ्या कपातला चहा अजून गरम होता.

घरी ओट्यावर आल्यावर बाबांनी चपला दारातून आत भिरकावल्या आणि ते सुरू झाले.

"माजी अक्कल काढलीस सगळ्या समितीसमोर. आन ती पोस्ट कोनाला? जगनला! त्याला काय येतं? सही नाय येत धड! कॉम्प्युटर चालू कुठून करतात ते तरी म्हायती हाय का त्याला?"

"नाय म्हायती."

"मग त्याला कशी दिली?"

"त्या कामाला काय यावंच लागत नाय, बाबा."

"मग तुला कशाला देत होते?"

"तुमी डंपर आडवे लावलेले म्हनून."

मी त्यांचा चेहरा बदलताना पाहिला, कारण माझे बाबा मूर्ख नाहीत. चौदा लाख त्यांच्या मुलीच्या शिक्षणाचे नव्हते हे त्यांना तेव्हा कळलं. जगनला देता येतात तेच तिला देत होते, आणि खरी तिच्या शिक्षणाची होती ती अकरा लाखांची जागा त्यांनी स्वतः बसून घालवली होती. ते खाली ओट्यावर बसले. आईने पाणी आणून ठेवलं, त्यांनी घेतलं नाही. मला दया यायला हवी होती. आली नाही. मला बरं वाटलं, आणि तसं वाटल्याबद्दल मला काडीचाही पश्चात्ताप नाही. मी आत जाऊन महापेच्या साहेबांना उद्या वेळेवर येते असा मेसेज केला.

सकाळी मी डबा भरून बाहेर आले तर बाबा आंघोळ करून तयार. पांढरा शर्ट, हातात डंपरची किल्ली, पाय मात्र अनवाणी. रात्रभर झोपले नव्हते असं डोळ्यांवरून दिसत होतं.

"कुठं निघाला?" मी विचारलं.

"गेटवर," ते म्हणाले. "समिती नको, बुधाजी नको. मी एकला बसतो. या वेळंला तीच मागतो, तुजी मशीनवाली. घेतल्याबिगर उठत नाय."

मी त्यांच्याकडे बघितलं. चेष्टा नव्हती. पंचावन्न वर्षांत या माणसाला मागायची एवढी एकच रीत शिकवलेली होती आणि आता तो ती माझ्यासाठी एकट्याने वापरायला निघाला होता. पुण्याच्या साहेबांनी परवाच मला दुसऱ्या एका कंपनीचं नाव सुचवलं होतं. तिचंही एक ऑफिस असणार आणि त्याला गेट असणार.

"चप्पल आत राहिली," मी म्हटलं.

ते वळून घरात गेले. मी दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी घातली. वर कुलूपही लावलं. समोरच्या ओट्यावरच्या बाया भांडी घासायच्या थांबल्या.

आतून दार वाजायला लागलं. "प्रांजल! कडी काड! प्रांजल, काय झालं तुला?" मग ते खिडकीत आले, दोन्ही हातांनी गज धरून. सगळी आळी ऐकत होती. त्यांचा आवाज फाटला होता. "अगं, तुज्यासाठीच जातोय ना मी!"

"म्हनूनच लावलीय," मी म्हटलं, आणि किल्ली पर्समध्ये टाकून स्कूटर चालू केली.